निकमताईंच्या मशीनला पाणी का येईना

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी शकूरभाईंचं नाव सांगतो. छावणी भागात, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. मिक्सर, कूलर, पाण्याच्या मोटारी आणि पुढे पुढे वॉशिंग मशीन. आई-वडिलांचं नाव आधी घ्यायला हवं, हे मला कळतं. त्यांनी मला शिकायला पाठवलं. पण शिकून झाल्यावर हातात काय धरायचं, ते शकूरभाईंनी दाखवलं. आणि अशा माणसाच्या विरुद्ध मी एकदा माझ्या स्वतःच्या अक्षरात एक वाक्य लिहिलं. ते चुकीचं होतं. लिहिताना मला ते पक्कं खरं वाटत होतं. गेली चौदा वर्षं मी मशीन दुरुस्त करतो आहे, सांगण्यासारखं बरंच आहे, पण लिहायला बसलो की तेच वाक्य आधी पुढे येतं.

आमचं गाव दौलताबादच्या पलीकडे. वडिलांची पेरूची आणि सीताफळाची झाडं. हंगामात आई किल्ल्याच्या पायथ्याशी टोपली घेऊन बसायची. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, तेव्हा वडिलांनी तो निकालाचा कागद अख्ख्या गल्लीत फिरवून आणला आणि घरी आल्यावर मला विचारलं, "आता कुठं जायचं मग?" ते मलाही माहीत नव्हतं.

शिकताना मी छावणीत खोली घेऊन राहायचो. थंडीच्या दिवसांत माझा पाणी तापवायचा रॉड बंद पडला, तो घेऊन मी शकूरभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"क्या पढते?"

"फिजिक्स."

"हौ? तो ये रॉड तेरे कू कायकू नै बनता?"

मी तिथेच स्टुलावर बसलो आणि ते रॉड उघडत असताना पाहत राहिलो. पुढे अडीच वर्षं त्या दुकानात गेलो. परीक्षेच्या दिवसांत ते मला हत्याराला हात लावू देत नसत. "हात काले लेके पेपर नक्को लिख," म्हणायचे. मी पास झाल्यावर त्यांनीच मला एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पाठवलं. मी नको म्हणत होतो. त्यांनी त्यांचा स्वतःचा टेस्टर माझ्या खिशाला लावला आणि म्हणाले, "जा. तेरे कू वर्दी अच्छी दिखेगी." तेव्हापासून ते मला "ग्रॅज्युएट" म्हणू लागले. तो टेस्टर आजही माझ्या खिशात असतो.

त्यांच्या कामाच्या दोन सवयी इथे सांगून ठेवतो. एक म्हणजे ते कुणाच्याही घरी फोन करून जात नसत. गिऱ्हाईक म्हणायचं, कधी येता? ते म्हणायचे, येतो. मग कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी सायकल दाराशी. मी विचारलं होतं तर म्हणाले, "फोन करके गए तो घर मुँह धोके बैठता. अपने कू बिना धोया मुँह देखना." दुसरी सवय म्हणजे पाण्याची तक्रार असली की ते आधी गच्चीवर जायचे. बोटातल्या अंगठीने टाकी वाजवायचे, कान देऊन ऐकायचे आणि मगच खाली मशीनकडे यायचे.

सर्व्हिस सेंटरमध्ये या दोन्ही सवयी सुटल्या. तिथला नियम वेगळा. आदल्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन करायचा, वेळ ठरवायची, वेळेवर पोहोचायचं, केलेल्या कामाचं कार्ड भरायचं. मला हे आवडायचं. त्यात शिस्त होती. कार्डावर प्रत्येक गोष्टीला रकाना होता. टाकीला नव्हता.

आता ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं. "मशीन पाणीच घेत नाही" ही आमच्या शहरातली सगळ्यांत जास्त येणारी तक्रार आहे. नळाला पाणी रोज येत नाही, उन्हाळ्यात तर वार लक्षात ठेवावा लागतो. ते खालच्या हौदात साठतं, तिथून मोटारीने वरच्या टाकीत आणि टाकीतून घरात. मशीनमध्ये शिरताना पाण्याला एक छोटी जाळी लागते, गाळ अडवायला, आणि तिच्या मागे एक व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह म्हणजे दरवाजा समजा. वीज मिळाली की तो उघडायला तयार होतो, पण नुसत्या विजेने उघडत नाही, बाहेरून पाण्यानेही त्याला ढकलावं लागतं. पाण्यात तेवढा जोर नसला तर तो नुसता गुणगुणत बसतो. त्यामुळे पाणी न येण्याचं कारण तोटीपासून मशीनमधल्या इलेक्ट्रॉनिक कार्डापर्यंत कुठेही असू शकतं, आणि माणसं तर त्याहून पुढची असतात. छावणीतले एक निवृत्त गृहस्थ दोन दिवस फोनवर आमच्याशी भांडत होते. मी गेलो, तर मशीनमागची तोटी बंद. पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनीच केलेली. त्यांनी मला चहा दिला आणि विनंती केली, "बायकोला सांगू नका, व्हॉल्व्ह बदलला म्हणा." गुलमंडीत कापडाच्या दुकानावर राहणाऱ्या एका काकूंनी मशीनचा आवाज होतो म्हणून बोलावलं. पाहतो तर त्या साबणाच्या खणातून बादलीने पाणी ओतत होत्या. आठ महिने! मी म्हणालो, काकू, पाणी आपोआप यायला पाहिजे. त्या म्हणाल्या, "येतं की आपोआप? मला वाटलं आपल्याकडं पाण्याची बोंब म्हणून हे असंच दिलंय."

अशा घरांतून मी हसत बाहेर पडायचो. निकमताईंच्या घरातून मात्र चार वेळा डोकं धरून बाहेर पडलो.

त्यांचं घर गारखेड्याकडे. खाली भाडेकरू, वर ताई, त्यांचे यजमान आणि सासरे. यजमान वाळूजला कंपनीत, पाळीवर. सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेले. रोज दोन चादरी, कधी तीन. म्हणून मशीन. उन्हाळा सुरू होता. मी ठरलेल्या वेळेला पोहोचलो.

"भाऊ, नुसतं गुं गुं करतं बघा, पाणीच घेत नाही," ताई म्हणाल्या. "चार दिवस झाले हातानं धुतेय चादरी. हे बघा बोटं."

मी मशीन लावलं. पाणी धो धो आलं.

ताईंचं तोंड उतरलं. "अहो, खरंच येत नव्हतं."

"असं होतं कधी कधी," मी म्हणालो. तोटीखाली बादली लावून एका मिनिटात किती भरते ते पाहिलं. नियमाप्रमाणे पाहिजे त्याहून जास्तच भरली. मग मागचं झाकण उघडलं आणि मला दिसलं, की आतला व्हॉल्व्ह आमच्या कंपनीचा नाही.

"हा कुणी बसवला?"

"छावणीतल्या शकूरभाईंनी. मागच्या महिन्यात असंच झालं होतं. त्यांनी हा बसवला तर बरं चाललं तीन आठवडे. आता परत. त्यांना फोन केला तर ते लेकीकडं गेलेत, परभणीला."

इथे मी खरं सांगितलं पाहिजे. मला वाईट वाटलं, पण त्याच्या खाली कुठेतरी थोडा आनंदही झाला. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांची चूक मला सापडली होती. मी तो व्हॉल्व्ह काढला, जाळीसुद्धा न पाहता. आमचा बसवला. काढलेला भाग गिऱ्हाइकाला द्यायचा नियम आहे, म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ताईंना दिला. आणि कार्डावर लिहिलं: "बाहेरील मेकॅनिकने अयोग्य व्हॉल्व्ह बसवल्याने बिघाड. मूळ व्हॉल्व्ह बसवला." खाली सही केली. नाव लिहिलं नाही, म्हणजे आपण कुणाचं वाईट केलं नाही, असं मला वाटलं.

ताईंनी त्या कार्डाचा फोटो वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. दुसऱ्या कुणाची फसगत होऊ नये इतकंच. नाव कार्डावर नव्हतं, पण त्या वसाहतीत बाहेरचा मेकॅनिक म्हणजे एकच होता. आठवड्याच्या आत त्याच वसाहतीत दुसऱ्या एका घरी मला ऐकायला मिळालं, "तो छावणीवाला चुकीचे पार्ट टाकतो म्हणे. बरं झालं कळलं."

शकूरभाई परत आले तेव्हा मी दुकानात गेलो. त्यांच्यापर्यंत पोहोचलं असेल का, हे बघायलाच गेलो होतो. ते कूलरच्या पंपाला तेल घालत होते.

"आ गए ग्रॅज्युएट. निकमबाई का व्हॉल निकाला तूने?"

"हौ भाई. कंपनीचा नव्हता."

"मशीन पानी लेरी?"

"मी होतो तेव्हा घेतलं."

त्यांनी मान वर केली. "तेरे सामने लेरी."

"हो."

"छत पे गया था?"

"बादली लावून बघितली ना भाई. प्रेशर एकदम बरोबर होता."

त्यांनी चहावाल्याला दोन बोटं दाखवली. चहा येईपर्यंत पंपाला तेल घालत राहिले. मग म्हणाले, "बरोबर. ठीक है. पढ़ा-लिखा आदमी है तू." आणि आईची तब्येत विचारली. ते चिडले होते, टोमणा मारत होते की खरंच मान्य करत होते, मला काही कळलं नाही. मी घरी आलो आणि बायकोला तो संवाद शब्दाला शब्द सांगितला. तिलाही कळलं नाही.

पाचव्या दिवशी निकमताईंचा फोन आला. मशीन पाणी घेत नाही.

मी वेळ ठरवली, गेलो. पाणी आलं. जाळी साफच होती. पाइप बदलला.

पुन्हा फोन. वेळ ठरवली. गेलो. पाणी आलं. आत किती पाणी आलं हे मोजणारा सेन्सर बदलला, कारण तो कधी कधी खोटं बोलतो.

पुन्हा फोन. या वेळी ताईंनी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला होता. त्यात मशीन स्पष्ट गुणगुणत होतं आणि काचेतून ड्रम कोरडा दिसत होता. मी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा पाहिला, मग मशीन लावलं. पाणी धो धो.

"शाळा तपासायला साहेब आले की पोरं कशी गुमान बसतात," ताई म्हणाल्या, "तसं करतं हे तुम्हाला बघून."

आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला. त्यांचं अंग चालत नाही, जीभ उत्तम चालते. "सूनबाई, यांचाच एक फोटो काढ अन् चिकटव मशीनला!"

मी हसलो, पण मला हसू येत नव्हतं. त्या वेळी मी मशीनमधलं मुख्य इलेक्ट्रॉनिक कार्डच बदललं. का बदललं, याचं कारण मला आजही देता येणार नाही. दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. एक वही केली होती. तिच्यात मशीन कोणत्या दिवशी अडलं, किती वाजता, कोणते कपडे, लाइटचा दाब किती, सगळं ताईंकडून विचारून लिहीत होतो. वारांचा मेळ बसेना, वेळेचा बसेना. मेळ एकच दिसत होता: मी आलो की चालतं. पण ते वहीत कसं लिहिणार? मी विज्ञानाचा पदवीधर. मशीनला माणूस ओळखू येतो, असं मी लिहिलं असतं तर माझी पदवी काय कामाची?

घरी जेवताना ताईंची बोटं डोळ्यांसमोर यायची. चारदा गेलो, चार भाग बदलले, आणि त्या बाई अजून चादरी हाताने धूत होत्या. शकूरभाईंचा व्हॉल्व्ह चुकीचा होता, तर तो काढल्यावर दुखणं वाढलं का? तीन आठवडे तरी त्याने काम केलं होतं. हा प्रश्न मनात यायचा, आणि मी तो बाजूला सारायचो.

याच दिवसांत एकदा छावणीतून गेलो तर शकूरभाईंच्या दुकानाचं शटर खाली. शेजारचा चहावाला म्हणाला, "बेटी के पास गए, परभणी. घुटने बहुत दुखते थे. अब वहींच रहेंगे." मग गाळणी झटकत म्हणाला, "वैसे बी काम कहाँ रहा था. गारखेडे का तो पूरा बंद हो गया."

गुडघे की गारखेडं? त्याने दोन्ही एका दमात सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्यानंतर आठवडाभराने गारखेड्यातच माझं एक काम होतं. त्या घराला कुलूप निघालं. हातात अर्धा तास मोकळा होता आणि निकमताईंची गल्ली पलीकडेच. मी कधी नव्हे तो फोन न करता गेलो. ठरवून नव्हे, नुसतं त्यांना विचारावं, आता कसं आहे म्हणून.

ताईंनी दार उघडलं. कोपरापर्यंत हात ओले, साडी खोचलेली. मागे टबात चादर.

"अगं बाई, भाऊ तुम्ही? फोन नाही केला?"

"जवळच होतो. म्हटलं बघून जावं."

"थांबा मग पाच-दहा मिनिटं. आधी मोटार लावते, टाकी भरू द्या."

"टाकी कशाला?"

"आता तुम्ही मशीन बघणार ना? मग पाणी नको का तुम्हाला?"

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. "ताई, मी येतो त्या दिवशी तुम्ही टाकी भरता?"

"भरते की. काठोकाठ. तुमचा फोन आला की सकाळी उठून पहिलं तेच काम."

"आणि बाकीच्या दिवशी?"

त्या थोड्या ओशाळल्या. "बाकीच्या दिवशी कुठं हो. हौदातलं पाणी आठवडाभर पुरवायचंय. वर टाकी भरलेली असली की घरात सगळे उधळतात, खालचे भाडेकरूसुद्धा. म्हणून मी रोज थोडं थोडंच चढवते. वीतभर, लई झालं तर दोन वीत. तेवढ्यात भागवायचं."

आतून आबा म्हणाले, "परका माणूस घरी यायचा म्हणल्यावर रिकामी टाकी दाखवायची का त्याला? काय म्हणंल तो?"

मी गच्चीवर गेलो. किती वर्षांनी असा आधी गच्चीवर गेलो होतो. टाकी ठेंगण्या कट्ट्यावर ठेवलेली, म्हणजे ताईंच्या मशीनच्या जवळजवळ डोक्यावरच. खिशातल्या टेस्टरच्या दांड्याने ती वाजवली. खालपर्यंत पोकळ. झाकण उघडलं; तळाला वीतभर पाणी, त्याच्याखाली गाळ. मग खाली येऊन, ताईंना मोटार लावू न देता, मशीन सुरू केलं.

गुं… गुं… गुं. ड्रम कोरडा. तो व्हिडिओच माझ्यासमोर चालू झाला होता.

पाण्याचा दाब त्याच्या उंचीवर ठरतो. हे मी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं, सहा मार्कांना, आणि सहापैकी सहा मिळाले होते. टाकी भरलेली असली की पाण्याला माणसाच्या छातीएवढी जास्त उंची मिळायची आणि व्हॉल्व्ह उघडायचा. तळाशी असलं की तेवढा जोर पुरायचा नाही. खालच्या मजल्यावर असतं तर काहीच अडलं नसतं. नळ सोडला की पाणी तर येतंच, मग दाब कमी आहे हे कुणाला कळणार? मला कळायला हवं होतं.

"ताई, शकूरभाई आले होते तेव्हा टाकी भरलेली होती?"

"नाही ना. ते कुठं सांगून येतात! आले ते थेट वर गेले. खाली येऊन म्हणाले, टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका बाई. मी म्हटलं, भाई, उन्हाळ्यात निम्मी कुठून ठेवू? तर म्हणाले, बरं, मग मी दुसरं काही तरी करतो."

"हे तुम्ही मला सांगितलं नाही."

"तुम्ही कुठं विचारलं?"

मी तो जुना व्हॉल्व्ह मागितला. ताईंनी तो पिशवीसकट रव्याच्या डब्यामागून काढून दिला. तो आमच्या कंपनीचा नव्हता, हे खरंच. तो कमी दाबावर उघडणारा व्हॉल्व्ह होता. टाकीत वीतभर पाणी असलं तरी चालावा म्हणून त्यांनी तो शोधून आणून बसवला होता. आणि तीन आठवड्यांनी तो अडला, त्याचं कारण त्याच्या जाळीत होतं: टाकीच्या तळाचा पिवळा गाळ, गच्च बसलेला. दात घासायच्या जुन्या ब्रशने घासायचं, दोन मिनिटांचं काम. भरलेल्या टाकीच्या जोरापुढे माझ्यासमोर तो गाळ अडला नाही, आणि मी जाळी न पाहताच औषध काढून टाकलं आणि आजार म्हणून त्याचं नाव कार्डावर लिहिलं.

जाळी धुऊन मी तोच व्हॉल्व्ह परत बसवला आणि त्याच वीतभर पाण्यावर मशीन लावलं. पाणी आलं. बारीक धार, करंगळीएवढी. भरायला खूप वेळ लागला. ताई आणि मी काचेसमोर बसून राहिलो, आबा आतून दर मिनिटाला विचारत होते, "आलं का?"

"आलं आबा, येतंय."

"फोटो काढायचा राह्यला म्हणा!"

मी नवीन कार्ड लिहिलं. घडलं ते सगळं लिहिलं, आणि या वेळी नावही लिहिलं. ताईंना म्हणालो, याचाही फोटो त्याच ग्रुपवर टाका. त्यांनी माझ्यासमोर टाकला. दोन-तीन अंगठे आले. मग एकाने लिहिलं, "मग आता त्यांना बोलवायचं का? नंबर लागत नाही त्यांचा." ताईंनी तो मेसेज मला वाचून दाखवला आणि फोन पालथा ठेवला.

सेंटरच्या मॅनेजरने विचारलं, दुसऱ्याचा भाग परत बसवला, आणि वर हे सगळं लिहून कशाला ठेवलं? मी म्हणालो, आधीचंही मीच लिहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कार्ड फाइलला लावलं.

चहावाल्याकडून मी परभणीचा पत्ता घेतला. पत्र लिहायला तीन रविवार लागले. जे शेवटी टाकलं ते असं होतं:

आदरणीय शकूरभाई,

सलाम. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. कुणाला वाचायला देऊ नका, तुम्हीच वाचा.

निकमताईंच्या मशीनला तुमचा व्हॉल्व्ह परत बसवला. जाळी धुतली. टाकीत वीतभर पाणी असताना ते भरलं. आता ताई दर रविवारी जाळी स्वतः धुतात, मी त्यांना शिकवलं. चादरी मशीनमध्येच होतात. नवीन कार्डाची नक्कल सोबत आहे. पहिल्या कार्डावर तुमचं नाव नव्हतं आणि ते सगळ्यांना कळलं. या कार्डावर नाव आहे, पण ते कुणापर्यंत पोहोचलं, मला सांगता येत नाही.

एक गोष्ट मला अजून समजत नाही. तुम्ही मला विचारलं होतं, छत पे गया था? म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग का सांगितलं नाही? एक वाक्य बोलला असता तर मी त्याच दिवशी परत गेलो असतो. तुम्ही रागावला होता का? की मी स्वतः शोधावं असं वाटत होतं? की मी विचारीन म्हणून थांबला होता, आणि मी चहा पिऊन निघून आलो? मी रोज यातलं एक उत्तर धरतो आणि दुसऱ्या दिवशी सोडून देतो.

चहावाला म्हणतो तुम्ही गुडघ्यांमुळे गेलात. मी गारखेड्यातली बंद झालेली घरं मोजत बसतो. माझ्या कार्डामुळे असेल तर तसं सरळ सांगा. ठीक है म्हणू नका.

आता मी आधी वर जातो. कार्डावर टाकीचा रकाना अजून नाही, मी कडेच्या मोकळ्या जागेत लिहितो.

मी परभणीला येणार आहे. कोणत्या दिवशी ते कळवत नाही. कळवलं तर तुम्ही गुडघे दुखत नसल्यासारखे दारात उभे राहाल, चहा तयार असेल, आणि माझ्यासमोर सगळं बरोबरच चाललेलं दिसेल.

तुमचा,
अंकुश